राईत मारलेली हाक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण सुदेश आजही सावंतवाडीत राहतो, आणि यातला शब्दन् शब्द त्याने स्वतः सांगितलाय.

गेल्या वर्षीचा चैत्र. रविवार. रात्र नव्हे हो, सकाळचे अकरा! घाटाखालच्या दरीत, काजूच्या बागांतून उतरणाऱ्या पायवाटेवर सायकलींची शर्यत होती. पुण्याच्या स्पर्धेला इथून एकच जण जाणार होता.

सुदेशला ती जागा हवी होती. आणि ब्रॅंडनला मिळू नये, हे त्याहून जास्त हवं होतं.

का नाही जळणार? ब्रॅंडनला या वाटा दाखवल्या सुदेशने. उतारावर ब्रेक कसा दाबायचा, तेही शिकवलं त्यानेच. मग गोव्याच्या मामाने भाच्याला भारी सायकल घेऊन दिली आणि सगळा गाव 'ब्रॅंडन, ब्रॅंडन' करायला लागला. 

वाटेत राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, राई लागते. तिथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. अगदीच गरज पडली तर नुसतं 'कू' करायचं. नावाने हाक मारली, तर राईतलं कोणीतरी तो आवाज उचलतं म्हणे.

सुदेशला हे लहानपणापासून ठाऊक.

ब्रॅंडन वीस हात पुढे होता. सुदेशला राहवलं नाही.

"ब्रॅंडन!"

दचकून मागे बघेल, झाडाच्या मुळांत अडकून आपटेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

पुढे ब्रॅंडनच्या चाकांचा आवाज... थांबला.

पाखरंही गप्प.

सुदेश वळणावर पोचला. वाट रिकामी.

आणि मागून हाक आली...

"ब्रॅंडन!"

आवाज सुदेशचाच होता!

मग तो जो सुटला, तो थेट शर्यत संपते तिथे. ब्रॅंडन दगडावर बसून कोकम सरबत पीत होता.

"जिंकलंस मरे मेल्या! हाक मारलंस म्हणान थांबलंय, तर बाजूसून सुसाट गेलंस!"

"मी? मी तर आता येतंय!"

वेळ मोजणाऱ्या भाईंनी घड्याळ दाखवलं. "आता खंयसून? तू येवन धा मिन्टां झाली. पाणी पिलंस आणि परत राईत गेलंस मरे."

सुदेशने मागे वळून राईकडे पाहिलं.

निवड त्याचीच झाली. त्याने ती सोडली. पुण्याला ब्रॅंडन गेला.

पण अजून दर रविवारी ब्रॅंडनचा फोन येतो. "आज राईत पुन्हा माका मागे टाकलंस रे! कसा करतंस?"

सुदेश तेव्हा घरात असतो.

आता गावभर सुदेशचं कौतुक चालतं. त्या दुसऱ्याचं! भीती वाटते, तो कबूल करतो. पण ते कौतुक ऐकून जीव जास्त जळतो, हेही कबूल करतो.

परवा त्याने सायकल बाहेर काढली. साखळीला तेल घातलं.

"एकदा तरी त्याका हरवतलंय!"

या रविवारी एकटाच राईत जाणार आहे. सगळे नको म्हणतायत...

ऐकत नाही.