एका कोडात दोन लग्नं

"ताईच्या लग्नाची माणसं ईटला जाणार आहेत," उत्कर्ष म्हणाला आणि हातातला लाडू त्यानं परत ताटात ठेवला.

उत्कर्षनं लाडू परत ठेवला म्हणजे मामला गंभीर आहे, हे अर्पितानं लगेच ओळखलं. हा तिचा आतेभाऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीत सोनारीला आला की त्याचं तोंड दिवसभर चालू असायचं. अर्पिताच्या शिवांजलीताईचं घरच्या मळ्यातलं लग्न परवावर आलं होतं. अर्पिता, उत्कर्ष आणि शेजारची मैथिली ओसरीवर बसून उरलेल्या पत्रिकांना हळदीकुंकू लावत होते. रिकामटेकड्या उत्कर्षनं सहज म्हणून पत्रिकेवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. कोडाखाली छापलं होतं, 'मळ्याकडे येण्याचा रस्ता'. फोन मात्र ईटमधलं एक मंगल कार्यालय दाखवत होता. कुठं सोनारी अन् कुठं ईट, तालुकासुद्धा वेगळा!

मैथिली म्हणाली, तुझा फोनच येडा आहे. मग तिनं स्वतःच्या आईचा फोन आणला, अर्पितानं कडूबाई आत्याचा आणला. तिन्ही फोन ईटचंच नाव घेत होते.

पत्रिका छापून आणली होती बळभीमकाकांनी. ते मांडवात बांबू मोजत उभे होते. पोरांचं ऐकून ते हसले. पत्रिका घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचलीय, म्हणाले. ते खरंही होतं. निमंत्रकांत कुणाचं नाव कुणाच्या वर घ्यायचं यावरून घरात केवढी खलबतं झाली होती! एका चुलत आजोबांचं नाव खालच्या ओळीत गेलं, तर ते दोन दिवस जेवले नव्हते. पण त्या ठिपक्यांच्या चौकोनाकडे एकानंही पाहिलं नव्हतं. त्याच्यात वाचण्यासारखं काय असतं?

"बारकं पोर बी सांगंल आपला मळा कुठाय ते," काका म्हणाले आणि पुन्हा बांबूंकडे वळले.

गावातलं पोर सांगेल, हे अर्पितालाही मान्य होतं. पण नवरदेवाकडची मंडळी लातूर, उदगीर, बिदरकडची. त्यांनी ही वाट कधी पाहिली नव्हती, आणि मळा गावाबाहेर, आडबाजूला. तिनं नवरदेवाच्या बहिणीला, वर्षाराणीला फोन लावला आणि गाड्या कुठून कशा येणार, ते गोड बोलून काढून घेतलं. वर्षाराणी कौतुकानं म्हणाली, तुमचं ईटचं कार्यालय फोटोत फार छान दिसतं हो! अर्पितानं लगेच खरा पत्ता सांगितला. वर्षाराणी म्हणाली, घरच्या गाड्यांना सांगते. पण पत्रिकांचे गठ्ठे गावोगाव गेलेत, कुणाच्या हातून कुणाला पोचल्या ते आम्हालाच माहीत नाही.

उद्याच्या हळदीची तयारी करणाऱ्या ताईनं दारातून सगळं ऐकलं होतं.

"अर्पे, मांडव रिकामाच राहिला तर गं?" ती हळूच म्हणाली.

ताई एरवी कशाला घाबरायची नाही. तिचा तो आवाज ऐकून अर्पिताला फार वाईट वाटलं. ती तडक काकांकडे गेली आणि त्यांच्याच फोनवरून त्यांनाच कोड स्कॅन करायला लावला. काकांनी पडद्यावर ईट वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुढच्या घटकेला त्यांची जीप परंड्याच्या रस्त्याला लागली. मागं तिघं पोरं होती, आणि बांगड्या घ्यायच्याच आहेत म्हणून कडूबाई आत्याही चढली होती.

पत्रिका छापणारे शिवानंदभाऊ दुकानातच होते. काकांनी पत्रिका त्यांच्यापुढं आपटली. शिवानंदभाऊ बिचारे गोंधळले. काकांनीच नव्हतं का सांगितलं, ईटच्या राघवेंद्र गुरुजींच्या घरची पत्रिका झकास झालीय, तशीच करा, फक्त नावं बदला म्हणून? त्यांनी तसंच केलं होतं. नावं बदलली, गाव बदललं, गणपतीसुद्धा बदलला. कोड तेवढा गुरुजींचाच राहिला. सगळे कोड दिसायला सारखेच, कुणाच्या लक्षात यावं? वर ते म्हणाले की छापलं ते छापलं, आता काही होत नाही.

"होतं," उत्कर्ष म्हणाला. "स्कॅन केल्यावर आधी वेबसाइटचा पत्ता दिसतो, तो बघा. कोडात नकाशा नाहीच. कोड आधी तुमच्या दुकानाच्या पानावर नेतो, अन् नकाशा त्या पानावर आहे. कोड बदलता येत नाही, पण पान तर तुमचंच आहे!"

शिवानंदभाऊंनी जीभ चावली. काकांचा चेहरा खुलला. "मग बघताय काय? लावा तिथं सोनारी," ते म्हणाले. शिवानंदभाऊंनी संगणक उघडलासुद्धा.

अर्पिताला मात्र राहवेना. तिनं विचारलं, "भाऊ, गुरुजींच्या घरचं लग्न झालं का?"

लग्न व्हायचं होतं, आणि तेही परवाच. तिथीच तशी दाट होती, त्या दिवशी आसपासचं एकही कार्यालय रिकामं नव्हतं. म्हणजे पानावर सोनारी लावली की गुरुजींची सगळी पाहुणेमंडळी सोनारीला येणार.

मग काका म्हणाले, "त्यांना फोन करून सांगू. त्यांचं ते बघत्याल."

"काका, फोन करून आपले तरी सगळे पाहुणे गाठता येतायत का?" अर्पिता म्हणाली. "तिथंही कुणाची तरी ताई असेल ना."

काकांनी पागोट्याशी चाळा केला. तोडगा सुचवला मैथिलीनं. एसटी स्टँडवर एकाच फाटकातून आत जातात, पुढं ज्याची त्यानं पाटी वाचायची. तशा दोन पाट्या त्या पानावर का लावू नयेत? शिवानंदभाऊंनी गुरुजींना फोन लावला आणि अर्पिता काय म्हणाली तेही सांगितलं. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आपणही कोड तपासला नसता, असं कबूल केलं आणि खुशाल करा म्हणाले.

पानावर दोन्ही नवरींची नावं आली, प्रेमला आणि शिवांजली. ज्या नावावर बोट ठेवाल त्याचा रस्ता उघडणार. सगळे खूश झाले. अर्पितानं फोन आत्याच्या हातात दिला. आत्यानं डोळे बारीक केले.

"म्या नवरदेवाकडची असते तर?" ती म्हणाली. "नवरीचं नाव मला कुठलं ठावं?"

खरंच की! मग दोन्हीकडची नावं आणि गावं घातली, आत्याला चष्म्याशिवाय दिसेपर्यंत अक्षरं मोठी केली. तरी अर्पिता उठेना. संगणकावरचं नको, छापलेली पत्रिकाच तपासायची, आणि तीही आपल्याला ओळखत नसलेल्या माणसाच्या फोनवर, असा तिनं हट्टच धरला. शेवटी समोरच्या चहावाल्यानं स्कॅन केलं, सोनारीवर बोट ठेवलं, आणि मळा बरोबर उघडला. इथून पुढं कोडाखाली पत्ता शब्दांत लिहीन आणि गिऱ्हाइकानं स्वतः स्कॅन केल्याशिवाय छपाईला हात लावणार नाही, असं शिवानंदभाऊंनी आपण होऊन सांगितलं.

लग्नाच्या दिवशी अर्पिता नवी परकर-चोळी नेसून मळ्याच्या तोंडाशीच उभी राहिली. लातूरच्या गाड्या आल्या. उदगीरचा टेम्पो आला. मांडवात पाय ठेवायला जागा उरेना, आणि ताईनं आतून डोकावून तिला हसून हात केला. तरी बिदरची एक जीप येईना. जुना नकाशा फोनमध्ये ठेवून ती थेट ईटला गेली होती. मुहूर्ताची घाई सुरू झाली तेव्हा कुठं ती धुरळा उडवत आली. आतून नवरदेवाची आत्या उतरली. आता ही मानपानावरून चिडणार म्हणून काका हात जोडून पुढं धावले.

पण त्या बाई वेगळंच विचारत होत्या. "ती पोरगी कुठंय हो? ईटला एक गुरुजी स्वतःच्या लेकीचं लग्न सोडून रस्त्यावर उभे होते. आम्हाला पाणी पाजलं, वाट दाखवायला माणूस दिला. म्हणाले, ज्या लेकरानं आमचा मांडव राखला, त्याच्याच घरी चाललात तुम्ही."

काकांनी अर्पिताला खांद्याला धरून सगळ्या वडीलधाऱ्यांपुढं उभं केलं. जेवण सोडलेले ते चुलत आजोबाही तिथंच होते.

"ही आमची अर्पिता," काका म्हणाले. "आमी नावं वाचत बसलो. येणाऱ्या माणसाची काळजी हिनं केली. अन् म्या तर दुसऱ्याचा मांडव मोडाय निघालो व्हतो, तवा बी हीच आडवी आली."

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, स्वतःच्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता तिच्या ओंजळीत घातल्या आणि तिला पुढच्या रांगेत, आपल्याही पुढं उभं केलं.