मोजूने गाळलेला शब्द

"ते गाव इथून बेचाळीस किलोमीटर लांब आहे," मोजू म्हणाला आणि शलाका फिसकन हसली.

हसणारच की! दोघं वेळसरच्या धक्क्यावर उभे होते आणि 'ते गाव', म्हणजे कुंभेरी, खाडीपलीकडे अगदी समोर दिसत होतं. तिथल्या शाळेची घंटा इथे ऐकू येत होती. तिथे दोरीवर वाळत घातलेली गोधडी लाल आहे की निळी, हेसुद्धा सांगता येत होतं. मग बेचाळीस किलोमीटर कसे?

मोजू हा यंत्रमानव. उंचीने शलाकाएवढा आणि स्वभावाने मास्तरांसारखा. पर्यटन मंडळाने त्याला एका कामावर पाठवलं होतं. उन्हावर चालणारी नवी पर्यटन बस कुंभेरीपर्यंत येणार होती. तिथून प्रवाशांना आणखी कोणती गावं दाखवायची, हे मोजू ठरवणार होता. वेळसरच्या सड्यावर (कातळाच्या सपाट माळावर) हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत. ती त्याला फार आवडली होती.

"पण गाव लांब. म्हणून वेळसर वगळलं," तो म्हणाला.

शलाकाचं हसू मावळलं. खाडीतली प्रवासी होडी तिची कुंदाआत्या चालवायची. हल्ली होडीला प्रवासीच मिळेनात. बसचे प्रवासी इकडे आले नाहीत तर होडी बांधून ठेवायची आणि पुण्याला नोकरीला जायचं, असं आत्याने ठरवलं होतं. पोहायला शिकवलं ते आत्याने, रुसल्यावर समजूत काढायची तीही आत्यानेच. आत्या नसलेलं घर शलाकाला डोळ्यांपुढे आणवेना. तिने मोजूचा हात धरला आणि त्याला तडक आजोबांकडे ओढत नेलं.

आजोबा शास्त्रज्ञ. संगणकांना रस्ते वाचायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यापासून ते अंगणात मासेमारीचं जाळं विणत बसायचे. त्या जाळ्यातून मासेच काय, मांजरही निसटलं असतं.

"मोजू, खाडी कशी ओलांडतात, हे तू गावात विचारलंस का?" आजोबांनी शांतपणे विचारलं.

"अकरा जणांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं." मोजूने गावकऱ्याचा आवाज जसाच्या तसा ऐकवला, "कुंभेरीला जायचं तर तर आहे."

"मग?"

"माणसं बोलताना शब्द दोनदा म्हणतात. चल चल, बघ बघ. म्हणून मी एक 'तर' गाळला. उरलं, 'कुंभेरीला जायचं तर आहे.' त्यावरून मी नोंदवलं, की लोकांची जायची इच्छा आहे, सोय नाही."

आजोबा इतके हसले की त्यांचा चष्मा जाळ्यात पडला. "अरे शहाण्या! आमच्याकडे खाडी ओलांडणाऱ्या होडीलाच 'तर' म्हणतात. तू शब्द नाही, आख्खी होडी गाळलीस!"

मोजूचे दिवे मिचमिचले. "पण एका होडीने असा किती फरक पडेल?"

आजोबांनी सुतळीचा लांब तुकडा घेतला. शलाकाला एक टोक दिलं, मोजूला दुसरं. "शलाका वेळसर, तू कुंभेरी. सुतळी म्हणजे खाडीला वळसा घालून वरच्या पुलावरून जाणारा बेचाळीस किलोमीटरचा रस्ता. मुंगीला तुझ्याकडून शलाकाकडे जायचंय. तिला किती चालावं लागेल?"

"पूर्ण सुतळी."

"आता दोघं टोकाला टोक लावा. ही झाली आपली होडी."

त्यांनी लावलं. सुतळी तेवढीच राहिली, पण मुंगीला एकच पाऊल पुरलं असतं.

"नकाशावर पट्टी ठेवून मोजतो ते सरळ अंतर," आजोबा म्हणाले. "पायाला, चाकाला, वल्ह्याला खरोखर पडतं ते प्रवास-अंतर. जमीन हलत नाही, तरी नवी वाट झाली की प्रवास-अंतर बदलतं. एखाद्या ठिकाणी पोहोचणं किती सोपं, त्याला सुगम्यता (जाण्या-येण्याची सोय) म्हणतात. ती वाढली की पाहुणे येतात, आपली आमसुलं पलीकडच्या बाजारात जातात. पर्यटन आणि व्यापार वाहतुकीचंच बोट धरून चालतात."

शलाका विचारात पडली. "आजोबा, फोनवरचा नकाशाही मोजूसारखाच असेल? त्यात 'तर' नाही म्हणून पाहुणे येत नाहीत. आणि पाहुणे येत नाहीत म्हणून 'तर' बंद पडायला आली."

आजोबांनी तिला जवळ घेतलं. कौतुकाने त्यांचे डोळे भरून आले होते. "बरोब्बर ओळखलंस, बाळा. हे दुष्टचक्र आहे. ते कुठेतरी तोडावं लागतं."

"मी तोडतो," मोजू म्हणाला. "पण आधी स्वतः जाऊन येतो. आता ऐकीव माहिती पुरे."

कुंदाआत्याने त्याला शलाकासोबत होडीत घेतलं खरं, पण त्याच्या वजनाने होडी एका अंगाला कलली. "मधोमध बस मेल्या, नायतर सगळ्यांना बुडवशील!" ती ओरडली. मोजू अंग चोरून बसला. पाणी त्याला मुळीच आवडत नव्हतं, तरी पलीकडे पोहोचेपर्यंत तो अंतर मोजत राहिला.

कुंभेरीच्या धक्क्यावर त्याने नवा नकाशा मंडळाकडे पाठवला. परतीच्या वाटेवर, होडी मधल्या पाण्यात असतानाच उत्तर आलं.

"वेळसर मंजूर," मोजूने वाचून दाखवलं. "बस कुंभेरीत थांबेल. पुढे प्रवासी होडीने. वेळसरमागच्या वाड्याही आता आपोआप जवळ आल्या."

शलाकाने आत्याचा हात घट्ट धरला. "मग तू जाणार नाहीस ना?"

आत्याने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "आता कुठली जातेय गो! एवढी माणसं आली तर दुसरी होडी लागेल. ती चालवायला कोण आहे माझ्याकडे?"

तिने शलाकाला मागे ओढून घेतलं आणि सुकाणूचा दांडा तिच्या हातात दिला.

"धर नीट. आणि नाकासमोर बघ, माझ्याकडे नाय."