मावशीला गरम पाणी

त्या सकाळी अमरावतीत अशी थंडी होती की कोंबडासुद्धा आरवण्याआधी थोडा विचार करत होता. जमुना मागच्या अंगणात बंबातलं पाणी काढत होती, तेवढ्यात कवाडाशी एक उंच तरुण येऊन उभा राहिला. कानाला मफलर, हात काळेकुट्ट, आणि चेहऱ्यावर इतक्या सकाळी कुणाच्याही चेहऱ्यावर शोभू नये एवढा आनंद.

"बाई, एक बादली गरम पाणी भेटन काय?"

"काहून? तुमच्या घरी चूल नाही काय?"

"मले नाही पाहिजे. मावशीले पाहिजे. तुमच्या गोठ्यात हाये. थंडीनं पार आखडली बिचारी."

कुणाची तरी म्हातारी मावशी आपल्या गोठ्यात आखडून पडली आहे, असंच जमुनाला वाटलं. तिने बादली उचलली, खांद्यावर घोंगडी टाकली आणि धावतच गोठ्यात गेली.

मावशी उभी होती. चार चाकं, कापडी टप, पितळी दिवे आणि कडेला रबरी भोंगा. तरुणाने मावशीच्या नाकावरचं झाकण काढून पाणी आत ओतलं. वाफ निघाली. घोंगडी जमुनाच्या हातातच राहिली.

"तुमीच पांघरा न ते," तो म्हणाला. "मावशीपेक्षा तुमीच जास्त कापून राहिल्या."

जमुनाने घोंगडी त्याच्या अंगावर फेकली, पण जोरात नाही.

तरुणाचं नाव चंद्रभान. जमुनाचे वडील खुशालराव यांनी बैल गावच्या शेतावर पाठवले होते, आणि रिकामा गोठा आदल्याच दिवशी, जमुना शाळेत असताना, त्याला दिला होता. कारण चंद्रभानच्या गल्लीत मावशीचं नाक शिरायचं, पाठ शिरायची नाही. मावशी एका जमीनदाराच्या लग्नात नवी आली होती. त्या लग्नातल्या नवरदेवाला आता नातू झाले होते. तरी चंद्रभान उन्हाळा, पावसाळा, हिवाळा रोज तिच्यात सवाऱ्या भरून अमरावतीहून चांदूर बाजारला जायचा. घरची शेती भावाच्या हवाली केलेली. जात, कूळ, नातं सगळं खुशालरावांना चालण्यासारखं होतं; फक्त मोटार आडवी येत होती. "पोरगा चांगला हाये," ते म्हणत, "पण पोटात ग्रीस गेलं त्याच्या."

जमुना वाटेवरच्या वलगावला मुलींच्या शाळेत शिकवायची. आता तीही मावशीतूनच जाऊ लागली; सोबतीला आत्या, माणिकबाई. आत्या मागच्या गादीवर बसून शालीत तोंड घालायच्या आणि वलगाव येईपर्यंत झोपायच्या. निदान तसं दिसायचं.

थंडीत मावशी सुरू करायला दोन माणसं लागत. एकाने पुढे उभं राहून हँडल मारायचं, दुसऱ्याने आत बसून चोक सांभाळायचा. गोठ्यात दुसरं माणूस जमुनाच होती.

"ओढा चोक... आता सोडा... अर्धा. अर्धा म्हंजे अर्धा!"

"अर्धाच हाये. तुमच्यातच जोर नाही."

"जोर हाये. लक्ष लागत नाही."

"काहून?"

"काचेतून तुमी दिसता न..."

यावर मावशी खोकली आणि सुरू झाली. तिला अशा बोलण्याची सवय नव्हती.

हळूहळू जमुनाला सगळं यायला लागलं. पायाशी पेट्रोलची तोटी होती. "ते उघडी असली म्हंजे मावशी जेवते," चंद्रभान सांगायचा. "बंद केली, तर पोटात असन तेवढ्यावर जराशी चालते, मंग बसते. ढकला, रडा, पाया पडा, उठत नाही." संक्रांतीच्या सुमारास शाळेमागच्या मोकळ्या वाटेवर तिने मावशी चालवूनही पाहिली. मागे आत्या झोपलेल्या होत्या. खड्डा आला तेव्हा झोपेतच त्यांनी दांडी धरली.

आणि मग खुशालरावांनी अकोल्याचं स्थळ आणलं. पुंजाराम यांचा कापसाच्या जिनिंगचा कारखाना, एकुलता एक मुलगा देवमन. त्यांना शिकलेली सून हवी होती, फक्त ती शिकलेली दिसायला नको होती. रविवारी दाखवायला जायचं ठरलं. आणि न्यायला कोण, तर मावशी! खुशालरावांनी चंद्रभानला स्वतः बोलावून सांगितलं, "वेळेवर पोचव गा. माह्या पोरीच्या जिंदगीचा सवाल हाये."

शनिवारी गोठ्यात जमुनाने चोकला हातच लावला नाही.

"उद्या मावशी सुरू झाली नाही तर?"

"होईन."

"रोज तर नखरे करते."

"उद्या नाही कराची. प्लग घासले, पाणी बदलवलं." चंद्रभान हँडलकडे बघत बोलत होता. "सवारी घेतली का पोचवतोच मी. खोटं बिघडवणं आपल्याच्यानं होत नाही."

"तुमाले मले काई सांगाचं नाही काय?"

"हाये न..." त्याने हँडल पुसलं, उगाच पुन्हा पुसलं. शेवटी म्हणाला, "चोक ओढा."

जमुनाने तो असा ओढला की मुठीसकट हातात यायचाच राहिला.

रविवारी मावशी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली! ना खोकला, ना गरम पाणी. चंद्रभानने हँडलकडे असं पाहिलं, जसा माणूस फितूर झालेल्या भावाकडे पाहतो. वाटेत टायर बसला नाही, पाणी उकळलं नाही. मूर्तिजापूरचं रेल्वेचं फाटक, जे एरवी हमखास पडलेलं असायचं, ते सताड उघडं. खुशालराव खूश. "मी उगाच नावं ठेवत होतो हिले!" मागच्या गादीवर आत्यांशेजारी जमुना रडकुंडीला आली होती आणि पुढे चंद्रभान जगातला सर्वांत दुःखी कुशल ड्रायव्हर झाला होता.

अकोल्यात पोहे झाले, चहा झाला. देवमनने एकच प्रश्न विचारला. "स्वेटर विणता येते काय?"

"येते," जमुना म्हणाली. तिने आयुष्यात मोजासुद्धा विणला नव्हता.

"पोरगी शांत हाये," देवमनची आई आशाबाई समाधानाने म्हणाल्या. पुंजाराम हसले. आता फक्त नारळ यायचा बाकी होता.

"बाबा, शाल मोटारीत राहिली," म्हणत जमुना आधीच बाहेर गेली.

मग मंडळी निघाली. मावशी सुरू झाली, पुंजारामांच्या अंगणाच्या फाटकापर्यंत गेली आणि नेमकी फाटकात बसली. चंद्रभानने हँडल मारलं. पुन्हा मारलं. थंडीत त्याच्या कपाळावर घाम आला. पुंजाराम, आशाबाई, शेजारपाजार सगळे बाहेर आले.

"देवमन, धक्का मार जरासा," पुंजाराम म्हणाले.

"आजच परीटघडी काढली न बाबा," देवमन म्हणाला.

तेव्हा शांत पोरगी मागच्या गादीवरून उतरली, वळसा घालून पुढे गेली, पदर खोचून ड्रायव्हरच्या जागी बसली आणि पायाशी काहीतरी चाचपत ओरडली, "मारा हँडल! जोर हाये का गेला?"

मावशी गरजली. एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण जमुनाने गिअर टाकला, पुंजारामांच्या तुळशीवृंदावनाला अख्खा फेरा मारला, भोंगा वाजवला आणि गाडी पुन्हा फाटकाशी आणून उभी केली.

"अवं माय! पोरगी मोटार हाकते!" आशाबाई ओट्यावरच बसल्या.

पुंजारामांनी हात जोडले. "खुशालराव, आमाले सून पाहिजे होती. ड्रायवर हाये आमच्याकडं."

मूर्तिजापूरपर्यंत फक्त मावशीच बोलत होती. तिथे मावशी थांबवून खुशालराव चहा आणायला उतरले. रागात माणसाला काहीतरी आणायला लागतं. आत्या शालीत झोपल्या होत्या.

"तोटी बंद होती," चंद्रभान हळूच म्हणाला.

"कोणती तोटी?"

"मी कधीच बंद करत नाही."

जमुना समोरच्या रुळांकडे बघत होती. "तुमाले खोटं बिघडवणं होत नाही. मले होते."

"आता अख्ख्या वऱ्हाडात तुमाले स्थळ भेटत नाही."

"मंग?"

"एक हाये..." त्याने मफलर काढला, पुन्हा गुंडाळला. "पोरगा बरा हाये. पण त्याच्या घरी एक मावशी हाये. लय खाष्ट."

"गरम पाणी लागते काय तिले?"

"हिवाळाभर. रोज."

"देईन," जमुना म्हणाली. "तिले बी."

"अन् मंग निघा न आता," शालीतून आत्यांचा आवाज आला. "थंडी वाजून राहिली. खुशालले मी सांगतो म्हटलं असतं, पण तो मांगंच उभा हाये."

खुशालराव खरंच मागे उभे होते. हातात चहाचे ग्लास. त्यांनी लेकीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग चंद्रभानकडे.

"काय गा, रोज सकाळी हे मोटार माही पोरगीच सुरू करून देते काय?"

"होय जी."

खुशालरावांनी एक ग्लास त्याच्या हातात दिला आणि आपल्या ग्लासातला घोट घेतला.

"मंग हिले अकोल्याले देऊन तुही मावशी कोण सुरू करन?"

चंद्रभानने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्याला नेहमीसारखाच वेळ लागणार होता, म्हणून जमुनाने वाकून भोंगाच वाजवला.