अण्णासाहेबांची कॅसेट

शुक्रवार होता. आखातातल्या रास अल खैमात तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची, पण फरशा भाजणाऱ्या भट्टीला कुठला आलाय शुक्रवार? साधनाचा नवरा सूर्यकांत दुपारच्या शिफ्टला फॅक्टरीत गेला होता. सात वर्षांची अवनी आतल्या खोलीत चित्रं रंगवत बसली होती. बाहेर मगरिबची, सूर्यास्ताची अजान होऊन गेली, तरी साधना आपली टीव्हीसमोर कॅसेट मांडीवर घेऊन नुसती बसलेली. सत्त्याण्णव सालचा हा प्रकार.

कॅसेट मिरजेहून आली होती, सुट्टीहून परतलेल्या शेजारच्या वासंतीवहिनींच्या सामानातून. त्या काळी विमानतळावर व्हिडिओ कॅसेट ठेवून घेत आणि तपासून झाली की परत देत. ही तीन आठवड्यांनी हातात पडली. वर साधनाच्या भावाच्या, सुयशच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘अण्णा – साधनासाठी.’ कॅसेटवरच्या शूटिंगनंतर चौथ्या दिवशी तिचे वडील अण्णासाहेब वारले होते.

साधना मिरजेला गेली नव्हती. आजारपणात नाही, आणि नंतरही नाही. सुयशचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं, पासपोर्ट कंपनीत अडकलाय, व्हिसाचं काम चालू आहे. आखातात राहणारा प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी हे सांगतो, आणि गावाकडची माणसं बिचारी विश्वास ठेवतात. पासपोर्ट कपाटात साड्यांखाली होता. दोन महिन्यांनी नवऱ्याच्या कंपनीकडून घरी जायचं वार्षिक फुकट तिकीट मिळणारच होतं, अण्णा तोवर तग धरतील असा तिनं हिशेब केला. माणसाच्या मरणाचा कसला हिशेब करतेस गं बाई! पण केला खरा. आता तिला एकच जाणून घ्यायचं होतं. अण्णांना खोटं कळलं होतं का, आणि ते रागावून गेले का.

तिनं कॅसेट सरकवली.

पडद्यावर आधी एक घड्याळ आलं. मग भडक नारिंगी ब्लाउज घातलेली, केसांचा उंच फुगा केलेली एक गोरी बाई हसली आणि आजच्या संध्याकाळी काय काय दाखवणार ते गोड इंग्रजीत सांगू लागली. रंग असे गडद की बाईचे ओठ चेहऱ्याबाहेर ओघळल्यासारखे दिसत होते. मग बातम्या लागल्या, कसल्याशा संपाच्या. निवेदकानं तारीख सांगितली, सन एकोणीसशे एकाहत्तर.

साधना चक्रावलीच. तपासताना कुणा साहेबाच्या कॅसेटशी अदलाबदल झाली म्हणावं, तर अक्षर सुयशचं. बरं, एकाहत्तरचा टीव्ही या कॅसेटवर आला कुठून? तिनं मिरजेला फोन लावला. सुयशनं शपथेवर सांगितलं की कॅसेट तीच आहे, त्यानं स्वतः लावून पाहिली होती, अण्णा खाटेवर बसलेले दिसले तशी लगेच बंद केली. काय बोललेत, असं तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला,

“कुणास ठाऊक, ताई. आम्हा सगळ्यांना त्यांनी खोलीबाहेर काढलं होतं. फक्त तू ऐकायचंस म्हणाले.”

फोन ठेवून ती वळली, तर पडद्यावर कोडी सोडवण्याचा कार्यक्रम चालू होता. समोर प्रेक्षक बसले होते, सगळे गोरे, सगळे टाळ्या वाजवणारे. आणि तिसऱ्या रांगेत काळी टोपी घातलेले अण्णासाहेब.

अण्णांनी उभ्या जन्मात मिरजेबाहेर म्हणजे फार तर पुणं पाहिलेलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. गर्दीत चुकलेला माणूस बघतो तसे इकडेतिकडे बघत होते. पुढे बागकामाचा कार्यक्रम लागला. गुलाब छाटणाऱ्या माणसाच्या मागं, कुंपणापाशी, अण्णा. मग चकचकीत कपड्यांतलं नाचगाणं लागलं, तर नाचणाऱ्या पायांमधून वाट काढत अण्णा पुढे येताहेत. त्यांचे ओठ हलत होते, पण ऐकू येत होतं ते इंग्रजी गाणं. साधना आवाज वाढवत गेली. काही उपयोग नाही.

आठ वाजून गेले. पुन्हा ती नारिंगी बाई आली. आजचे कार्यक्रम संपले म्हणाली, शुभ रात्री म्हणाली, झोपण्यापूर्वी टीव्ही बंद करायला विसरू नका अशी आठवणही तिनं करून दिली. उठून ती बाजूला गेली आणि तिच्या खुर्चीत अण्णासाहेब येऊन बसले.

“साधना... बंद करू नकोस गं.”

स्वच्छ अण्णांचा आवाज. दम्यानं मधेच तुटणारा.

“अण्णा...” ती गुडघ्यांवर पुढं सरकली. “पासपोर्ट घरातच होता, अण्णा. मी खोटं बोलले. रागावलात का माझ्यावर?”

त्या गडद रंगांत त्यांच्या चेहऱ्यावर माया आहे की संताप, ते तिला काही केल्या उमजेना.

“इथं पुढचं काही नाही,” ते म्हणाले. “बंद केलंस की... खलास.”

हा शब्द अण्णांच्या तोंडी कधीच नव्हता. तो तर इथला अरबी, तिच्या रोजच्या बोलण्यातला.

तेवढ्यात बेल वाजली. साधना दचकून उठली. दारात वॉचमन होता. मीटरचं काम आहे, साडेआठपासून तासभर बिल्डिंगची लाइट जाणार, खाली नोटीस लावलीय, असं हिंदीत सांगून तो शेजारच्या दाराकडे वळला. घड्याळात आठ पंचवीस झाले होते.

ती परत आली. पडद्यासमोर बसून तिनं हात जोडले. मग जे होतं तेच बोलली.

“अण्णा, पाच मिनिटांत लाइट जाणार आहे. मी काय करू?”

अण्णासाहेबांनी टोपी नीट केली. सावकाश, खुर्चीच्या हातांवर भार देत उठले.

“मग मी आत्ताच निघतो,” ते म्हणाले.

खुर्ची रिकामी झाली. नारिंगी बाई पुन्हा हसत आली, एक शेवटचा कार्यक्रम राहिलाय म्हणाली, आणि पडद्यावर एक जिना आला. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगचा, हिरव्या रंगाच्या भिंतींचा. खालच्या भिंतीवर ताजी चिकटवलेली नोटीस होती, अरबीत, इंग्रजीत आणि उर्दूत. काळी टोपी पायऱ्या चढत होती, कठड्याला धरून, दर दोन पायऱ्यांना एकदा थांबत.

अवनी आतून बाहेर आली. क्षणभर पडद्याकडे पाहत राहिली.

“Aai, that's our staircase,” ती म्हणाली. “Is Ajoba angry?”

साधना धावत दारापाशी गेली. पडद्यावर अण्णा दुसऱ्या मजल्यावर धाप टाकत टेकले होते. तिचं घर चौथ्यावर. दाराबाहेर अजून काहीच ऐकू येत नव्हतं. एक हात कडीवर, दुसरा लॅचवर ठेवून ती तशीच उभी राहिली, कारण दार उघडायचं की कडी घालायची, हेच तिला कळेना.