वाऱ्याच्या आड

ही गोष्ट खरी आहे. पटलीच पाहिजे असा आग्रह नाही. जिच्या बाबतीत ती घडली, तीसुद्धा कितीतरी दिवस ‘ऊन लागलं असेल, थकवा असेल’ अशी मनाची समजूत घालत होती.

आणि रात्र वगैरे मुळीच नव्हती. लख्ख सकाळ होती. कालव्याच्या कडेने जाणारा सरळसोट डांबरी रस्ता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वाळलेलं गवत आणि विजेचे खांब. माणसाला लपायला जागा म्हणून नव्हती.

दोघी मैत्रिणी सायकलवरून पार समुद्रापर्यंत निघाल्या होत्या. लांबचा प्रवास. त्यातला हा पहिलाच दिवस.

एक चष्मेवाली. वडिलांच्या हाताखाली भिंगं घासायला शिकली आणि ते गेल्यावर दुकान तिच्याच गळ्यात आलं. दुसरी दातांची डॉक्टर, याच वर्षी गावात राहायला आलेली. एका जागी बूड टेकवत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. चष्मेवालीच्या वडिलांना भिंगरीने कधीच पाहिलं नव्हतं.

फोटोतसुद्धा नाही.

“एवढं काय कोंबलंयस यात?” निघताना चष्मेवालीने तिच्या कॅरिअरच्या पिशव्या दाबून पाहिल्या. “दवाखाना उचलून आणलास की काय?”

“वाटेत तुझी दाढ दुखली तर? कोण काढणार, तुझा चष्मा?”

अशा हसत-खिदळत निघाल्या. ठरलं होतं ते असं. एकीने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसरीने तिच्या मागच्या चाकाला चिकटून आडोशाने यायचं. दमलं की बदली. हे चष्मेवालीला तिच्या बाबांनी शिकवलेलं. फक्त बाबा असताना बदली कधी व्हायचीच नाही. “तू राहा गं आड,” म्हणायचे आणि सगळा वारा स्वतः खायचे.

कालव्याच्या रस्त्याला लागल्या आणि समोरून वारा सुटला.

साधासुधा नाही. सायकल जागच्या जागी उभी राहावी असा. पुढे चष्मेवाली होती. मान खाली, दात-ओठ खाऊन पेडल मारत होती. कानात नुसतं घोंघावत होतं.

आणि मग...

वारा थांबला.

तिने मान वर केली. कडेचं गवत तिच्या दिशेने भुईसपाट झालेलं होतं. विजेच्या तारा हेलकावत होत्या. एक प्लॅस्टिकची पिशवी समोरून सुसाट उडत आली, तिच्यापासून हातभर अंतरावर बाजूला वळली आणि निघून गेली.

वारा थांबलाच नव्हता. तो फक्त तिला लागत नव्हता.

कपाळावरची बट हलत नव्हती. घाम वाळत नव्हता. कुणीतरी अगदी पुढ्यात असावं आणि आपण त्याच्या आड असावं, तसं.

पुढे रस्ता मोकळा होता.

मग आवाज आला. टिक... टिक... टिक... पेडल थांबवलं की मागचं चाक करतं ना, तो. तिने आपल्या पायांकडे पाहिलं. पाय तर फिरत होते. आवाज पुढून येत होता. पुढे जे कोणी होतं, ते एवढ्या वाऱ्यात पेडल न मारता, नुसतं सुटलं होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. पण तिने हाक मारली.

“बाबा?”

टिक... टिक... टिक...

वेग वाढत गेला. सायकल उतारावर असल्यासारखी पळू लागली. इतक्या महिन्यांनी तिला हलकं वाटत होतं. बाबा पुढे आहेत, पूर्वीसारखेच, म्हणजे त्यांच्या मनात काही नाही...

कारण त्यांच्या मनात काही असायला जागा होती.

बाबांची शेवटची सायकलफेरी तिच्याबरोबरच झाली होती. रविवारची सकाळ, येताना असाच समोरून वारा. त्या दिवशी पहिल्यांदाच ती पुढे होती आणि ते आड. जरा वेळाने मागून हाक आली, “हळू गं जरा!”

तिला ती स्वच्छ ऐकू आली होती.

ती थांबली नाही. भांडण नव्हतं, राग नव्हता. दुकानात, घरात, जेवतानासुद्धा सगळं त्यांच्या चालीने चालायचं. त्या एका सकाळी तिला आपल्या पायांच्या वेगाने जायचं होतं, एवढंच. दुसरी हाक आली. ती उलट जोरात निघाली.

त्याच आठवड्यात बाबा गेले. भेटायला येणारे म्हणायचे, “भाग्यवान माणूस. शेवटपर्यंत सायकलवर!” आणि ती म्हणायची, “हो ना, माझ्याबरोबरच होते.”

माझ्याबरोबरच होते. हे तिने आईलाही सांगितलं होतं.

“अगंऽऽ... थांऽऽब...”

कालव्याच्या रस्त्यावर मागून, फार लांबून हाक आली. भिंगरीची.

तिचे पाय थांबले नाहीत. खरं सांगायचं तर तिच्या मनात आधी आलं ते हेच, की आपण वळलो तर पुढचं माणूस जाईल. वाऱ्यात ऐकू आलं नाही म्हणता येईल...

मग आपण काय विचार केला, हे तिचं तिलाच कळलं. तिने करकचून ब्रेक दाबला.

वारा भिंतीसारखा अंगावर आदळला. टिकटिक बंद. पुढे कोणी नाही.

मागे वळून पाहिलं, तर भिंगरीही नाही.

ती उलटी निघाली. आता वारा पाठीशी होता, तरी रस्ता संपता संपेना. वाटेत चिटपाखरूही दिसलं नाही. मग एका छोट्या पुलाच्या कठड्याला टेकून भुईवर बसलेली भिंगरी दिसली. चेहरा पांढराफटक, दोन्ही हातांनी पोटरी धरलेली.

“कुठे उलथली होतीस?” भिंगरी ओरडली. “ओरडून घसा बसला माझा! पायात गोळा आला, धाडकन पडले. वाटलं, ही बया आता डायरेक्ट समुद्रातच थांबणार!”

“चुकलं गं माझं. खरंच चुकलं.” ती खाली बसून तिची पोटरी चोळू लागली.

“राहू दे. तू यायच्या आधी सोबत होती मला.”

“कोणाची?”

“एक आजोबा. सायकल हातात धरून चालत आले. चेन पडली होती त्यांची. हात तर कोपरापर्यंत काळे! म्हटलं, द्या, मी बसवून देते. तर म्हणाले, राहू दे, पुढे गेलीय ती येईल वळून.”

चष्मेवालीचे हात थांबले.

“मी म्हटलं, माझी पण एक अशीच पुढे गेलीय, हाका मारून दमले. तर हसले. म्हणाले, वाऱ्यात ऐकू जात नाही तिला.”

त्या रविवारी आई घरी नव्हती. बाबा कितीतरी उशिरा आले होते. सायकल हातात धरून. मोरीत बराच वेळ हात धूत उभे होते, साबणाचं पाणी काळं काळं वाहत होतं. तिने काही विचारलं नाही. तेच म्हणाले होते, “वाऱ्यात ऐकू गेलं नसेल तुला.”

आणि ती म्हणाली होती, “हो.”

“मग... गेले कुठे ते?” तिने कसंबसं विचारलं.

“पुढेच गेले की, तुझ्याच दिशेने. आत्ता. येताना दिसले नाहीत?” भिंगरीने तिच्याकडे निरखून पाहिलं. “अगं, काय झालं? ओळखीचे होते का?”

हो म्हटलं असतं, तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. हाक, दुसरी हाक, आणि ते खोटं.

“नाही,” ती म्हणाली. “मी नाही ओळखत.”

भिंगरीची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. आणि तिथेच थांबली.

“हे काय,” भिंगरी हळूच म्हणाली. “इथेच तर आहेत... अहो आजोबा! अहो!... चालले.”

ती गर्रकन वळली.

रस्ता सरळ होता. लांबवर दिसत होता. गवत झोपलेलं, पाण्यावर उन्हाचे तुकडे.

कुणीही नव्हतं.

“तू नाही म्हणालीस ना,” भिंगरीचा आवाज एकदम बारीक झाला, “तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि सायकल वळवली. तुला... तुला दिसत नाहीयेत?”

ती त्या रस्त्यावर धावली. बाबा, बाबा म्हणून ओरडत धावत राहिली. वारा समोरून होता. आवाज तिच्याच तोंडात परत येत होता.

प्रवास तिथेच संपला. संध्याकाळी एका टेम्पोत सायकली टाकून दोघी परतल्या.

बाबा मागे चालत होते, तर पुढे कोण होतं? तिला भिंगरीपासून लांब, आणखी लांब कोण नेत होतं? याचं उत्तर दोघींनाही आजवर सापडलेलं नाही. त्या रस्त्याला त्या पुन्हा गेल्या नाहीत.

घरी आल्यावर चष्मेवालीने आईला सगळं सांगितलं. त्या रविवारचंही. आई रडेल, रागावेल, बोलणं टाकेल, सगळ्याची तयारी तिने केली होती.

आई ओट्याशी उभी होती. गॅस बंद केला. खिडकीतून अंगणातल्या बाबांच्या सायकलीकडे पाहिलं.

मग तिने एवढंच विचारलं,

“म्हणजे ते अजून चालतच आहेत? चेन बसवून दिली नाही का गं कुणी त्यांना?”