अर्धा सोडलेला डाव

"डाव अर्धा सोडायचा नाही, पोरी. हरलीस तरी चालेल, पण बरोबरी करून उठायचं नाही. शब्द दे."

खोकल्यासाठी लवंग चघळत, अंथरुणावरून बाबांनी तिच्याकडून हा शब्द घेतला होता. ते जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि आज बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत तिने तो मोडला. समोर सख्खा धाकटा भाऊ होता. तिचं एक प्यादं जास्त, डाव हातात आलेला. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "ताई, बरोबरी करू. आईला कप दोघांच्या हातात बघायचाय."

आईचं नाव आलं आणि तिने हात मिळवला. पंचांनी रिवाजाप्रमाणे दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवले, घड्याळ थांबवलं, सह्या घेतल्या.

सभागृहाच्या दाराशी भाऊ हसला. "खरं सांगू? आईला मी विचारलंच नव्हतं."

तिच्या कानांतून वाफा निघाल्या. "हरायची वेळ आली म्हणून आईच्या नावावर बिल फाडलंस? लाज नाही वाटत?"

"अगं, कप घरातच आला ना!"

"चुलीत घाल तुझा कप!"

तिचा चष्मा पटाशेजारी टेबलावरच राहिला होता. ती पाय आपटत मागे फिरली, भाऊ समजूत घालत पाठोपाठ.

राजे मधोमध नव्हते. डाव थांबला तेव्हाच्या घरांत परत उभे होते.

"बाई, राजे कशाला हलवता?" पंच खेकसले.

"मी तर आत्ताच येतेय."

पुटपुटत त्यांनी राजे पुन्हा मध्ये ठेवले आणि ते दुसऱ्या टेबलाकडे वळले. तिने चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

राजे आपापल्या घरांत होते.

तिच्या बाजूचं घड्याळ चालू झालं होतं.

भावाच्या काळ्या घोड्याने तोंड फिरवलं होतं, मागच्या रिकाम्या खुर्चीकडे. तसा घोडा फक्त बाबा ठेवायचे. "घोडा माझ्याकडे बघतो, मी तुझ्याकडे," म्हणायचे.

लवंगेचा वास आला.

"ताई, चल ना इथून." भावाचा आवाज चिरकला. आधारासाठी त्याने आपल्या खुर्चीची पाठ धरली.

"हात काढ," ती दातओठ खात म्हणाली. "ती जागा आता तुझी नाही."

समोरच्या खुर्चीची गादी हळूहळू दबत गेली.

ती बसली. जास्तीचं प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि घड्याळ दाबलं.