नाश्त्यानंतरचे दोन तास

रक्त काढणाऱ्या नेहमीच्या काकू रजेवर होत्या ना, म्हणूनच झालं सगळं. नाहीतर आपली संचिता दर तीन महिन्यांनी हाटकेश भागातल्या त्या लॅबमध्ये जायची, उपाशीपोटी रक्त द्यायची, नाश्ता करायची, बरोबर दोन तासांनी परत द्यायची... संपलं. शाळेपासूनचा डायबेटिस, तिला काय नवीन!

त्या दिवशी त्यांच्या जागी निकेत. त्याने तिचा हात हातात घेतला, अगदी हलकेच, आणि खिडकीतून खाडीचा खारट वारा आला...

"चहा घेतलाय का?"

"उपाशी आहे."

"तरीच चेहरा असा चिडलाय."

सुई कधी गेली, तिला कळलंच नाही.

खाली शेवंतीताईंच्या गाडीवर उपमा मिळतो. खायच्या आधी ती नेहमीसारखी लॅबच्या बाथरूममध्ये शिरली, कडी लावून इन्सुलिन घेतलं. दोन स्थळं नुसतं 'इन्सुलिन' ऐकून परत गेली होती. तेव्हापासून इन्सुलिनचं पेन पर्सच्या तळाशी. बाहेर आली तर दारापाशी निकेत. पेन पर्समध्ये जाताना बघितलं त्याने.

आणि महिन्याभरात ही परत हजर.

निकेतने कागद पाहिला. "कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांची साखर... गेल्याच महिन्यात झालं की."

"परत करायचंय."

"डॉक्टर म्हणाले?"

तिच्या कानाच्या पाळ्या गरम.

"एवढ्यात काय बदलणार, मॅडम?"

"मग जा म्हणा ना सरळ."

"जा कुठे म्हणतोय?" त्याने सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. "रक्त नको. पण दोन तास थांबायची सवय आहे ना तुम्हाला?"

"मला काय आहे... माहितीये ना?"

"तुमचं नाव नंतर वाचलं. आधी साखर वाचली."

दोघं खाली आले. गाडीवर शेवंतीताईंनी उपम्याची प्लेट उचलली. संचिताचा हात पर्सकडे गेला, अडला. नजर वर, लॅबच्या जिन्याकडे...

निकेतने ताईंना हातानेच थांबवलं. "आधी इन्सुलिन घेतेस ना? म्हणजे... घेता ना?"

"घेतेस," ती हळूच म्हणाली. "तेच बरं वाटतं."

आणि तिने पेन काढलं. तिथेच, कोवळ्या उन्हात, सगळ्यांसमोर. टोपण धरायला निकेतने तळहात पुढे केला, तिने ठेवलं, त्याने मूठ मिटली.

उपमा संपला, चहाही झाला. बिनसाखरेचा.

"टोपण दे आता."

"दोन तासांनी," तो म्हणाला.

ती थांबली.